घोड्यासाठी कुंपण कसं निवडायचं? मुळशीच्या पावसात टिकणारं, खिशाला परवडणारं आणि घोड्याच्या पायाला सुरक्षित

पौड सोडून मुळशी धरणाकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच कुंपण दिसतं: लोखंडी अँगल आणि काटेरी तार. फार्महाऊसचा प्लॉट असो, आंब्याची बाग असो की भाताचं खाचर, सगळीकडे तेच. त्यामुळे कुणी घोडा पाळायचं ठरवलं, कृषी पर्यटनासाठी दोन घोडे आणायचं ठरवलं किंवा लग्नाच्या वरातीची घोडी पावसाळ्यात मोकळी सोडायची म्हटलं, की पहिलं कोटेशन काटेरी तारेचंच येतं. आणि घरात मोबाईल तुमच्या हातात असतो, म्हणून "जरा रेट बघ रे" हे कामही तुमच्याकडेच येतं.

या लेखात आपण घोड्याचं पॅडॉक, म्हणजे घोडा मोकळा सोडायची बंदिस्त जागा, कोणत्या कुंपणाने बंद करावी ते स्टेप बाय स्टेप पाहणार आहोत. मोबाईलवर मोजणी कशी करायची, झटका मशीन आतून कसं काम करतं, सोलर बॅटरीचं गणित कसं मांडायचं आणि पैसे नेमके कुठे वाचवायचे, हे सगळं यात आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या: घोडा म्हणजे गाय नाही

गाय कुंपणाला अडली की बहुतेक वेळा थांबते. घोड्याचा स्वभाव वेगळा आहे. भीती वाटली की पळायचं हेच त्याचं मूळ शस्त्र. फटाका वाजला, कुत्री मागे लागली, वीज कडाडली की तो आधी धावतो आणि मग बघतो.

जरा आकडेमोड करू. ४०० किलोचा घोडा ताशी ४० किलोमीटरने धावत असेल तर त्याची गतिज ऊर्जा साधारण २५,००० ज्युल होते. ६० किलोचा माणूस ताशी १५ किलोमीटरने धावला तर ती होते सुमारे ५२० ज्युल. म्हणजे जवळपास ४७ पट फरक. एवढा जोर अंगावर आला तर परवडणाऱ्या किमतीतलं जवळजवळ कुठलंच कुंपण तो निव्वळ ताकदीवर अडवू शकत नाही.

मग कुंपण काय करतं? दोन कामं. पहिलं, घोड्याला लांबूनच दिसतं, म्हणजे तो वेळेत वळतो. दुसरं, तरीही तो येऊन धडकला तर त्याला कापत नाही, अडकवून ठेवत नाही. हे दोन प्रश्न प्रत्येक पर्यायाला विचारायचे: दिसतं का? आणि धडकल्यावर काय होतं? किंमत त्यानंतर.

दिसण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. घोड्याला रंग आपल्यासारखे दिसत नाहीत. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, पण लाल-नारिंगी रंग हिरव्या गवतात मिसळून जातो. ब्रिटनमध्ये एक्झेटर विद्यापीठाच्या अभ्यासानंतर शर्यतीच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग बदलून पांढरा करण्याचा निर्णय झाला, तो याच कारणाने. त्यामुळे दुकानदार "लाल पट्टी लांबून दिसते" म्हणाला तरी ती तुम्हाला दिसते, घोड्याला नाही. पांढरी रुंद पट्टी घ्या.

काटेरी तार का नको?

या कुंपणाला दोन्ही प्रश्न विचारून बघा. लांबून दिसतं का? नाही, बारीक राखाडी तार गवतात हरवते. धडकल्यावर काय होतं? घोड्याचा पाय अडकला की तो शांत उभा राहत नाही, जिवाच्या आकांताने ओढतो. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतं. तिथे कातडी, स्नायुबंध आणि हाड एवढंच. काटा तिथे खोल गेला की स्नायुबंध तुटतो. जखम भरताना त्यावर जादा मांस वाढतं आणि उपचार महिनोन् महिने चालतो. कधी कधी घोडा कायमचा लंगडा होतो. शिवाय धनुर्वाताच्या बाबतीत घोडा फार नाजूक प्राणी आहे. गंजलेला काटा आणि लस न दिलेला घोडा हे जीवघेणं मिश्रण आहे.

म्हणजे वाचलेले पैसे एकाच अपघातात दुपटीने जातात आणि घोडाही हातचा जातो.

तुमच्या जागेला आधीच काटेरी तार आहे का? मग ती काढायलाच हवी असं नाही. हद्दीचं कुंपण म्हणून ती राहू द्या आणि आतून निदान दीड-दोन मीटर अंतर सोडून घोड्यासाठी दुसरं, दिसणारं कुंपण करा. मात्र काटेरी तारेत झटका मशीनचा करंट कधीही सोडू नका. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकातही त्याला मनाई आहे, कारण काट्यात अडकलेल्या जनावराला किंवा माणसाला झटके बसतच राहतात आणि सुटता येत नाही.

पायरी १: मोबाईलवर मोजणी

गूगल मॅप्समध्ये जागेवर बोट दाबून ठेवा, पिन आली की "अंतर मोजा" हा पर्याय निवडा आणि एकेक कोपरा जोडत जा. परीघ मिळतो. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, आकार. समजा तुम्हाला २० गुंठे बंद करायचे आहेत, म्हणजे साधारण २,०२३ चौरस मीटर. जागा चौकोनी, ४५ बाय ४५ मीटर असेल तर कुंपण लागेल १८० मीटर. तीच जागा २० मीटर रुंद पट्टी असेल तर लागेल सुमारे २४२ मीटर. क्षेत्र तेवढंच, खर्च एक तृतीयांश जास्त. म्हणून आखणी करतानाच शक्य तितका चौकोनाजवळचा आकार घ्या.

दोन, उतार. नकाशा सपाट अंतर दाखवतो, पण मुळशीत सपाट जागा मिळणं कठीण. २० अंशांच्या उतारावर प्रत्यक्ष लांबी नकाशापेक्षा ६ टक्के जास्त भरते, ३० अंशांवर १५ टक्के. उताराचा कोन मोजायला मोबाईलमधलं लेव्हलचं अ‍ॅप चालतं.

तीन, अचूकता. मोबाईल हातात घेऊन शेताच्या कडेने चालून क्षेत्र मोजणारी अ‍ॅप्स जीपीएसवर चालतात. उघड्या आकाशाखाली साध्या फोनची चूक तीन-पाच मीटरची असते, झाडीत आणि डोंगराच्या कुशीत आणखी वाढते. अंदाजपत्रकाला ते चालतं. खांबांची ऑर्डर देताना मात्र टेपनेच मोजा.

हद्दीवर कुंपण घालणार असाल तर आणखी एक काम आधी करा. महाभूनकाशावर दिसणारी रेघ ही हद्दीचा पुरावा नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची अधिकृत मोजणी लागते आणि तिचा अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन करता येतो. शेजाऱ्याशी वाद झाला तर खांब उपटून पुन्हा रोवण्याचा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. घोड्याचं पॅडॉक हद्दीच्या आत घेतलं तर हा प्रश्न बराच हलका होतो.

पायरी २: पर्याय समजून घ्या

लाकडी आडव्या पट्ट्या. घोड्याला उत्तम दिसतात आणि धडक बसली तर लाकूड मोडतं, सहसा पाय कापत नाही. पण १८० मीटरला तीन ओळी म्हणजे ५४० मीटर लाकूड आणि दर ३ मीटरला एक धरून ६० खांब. वर वाळवी आणि मुळशीचा पाऊस. खांबाचा जमिनीखालचा भाग डांबराने रंगवतात, पण डांबर किंवा जुनं इंजिन ऑइल वरच्या भागाला लावू नका. घोडे लाकूड चघळतात आणि दोन्ही गोष्टी विषारी आहेत. पट्ट्या खांबाच्या आतल्या, घोड्याच्या बाजूने ठोका. म्हणजे घोडा रेलला तर खिळे उपटत नाहीत आणि धावताना खांद्याला खांब लागत नाही.

लोखंडी पाईप. मजबूत आणि दिसणारा. जुना पाईप भंगारात चांगल्या दरात मिळाला तर स्वस्तही पडतो. तोटा एवढाच की तो मोडत नाही आणि वाकतही नाही. धडक पूर्ण घोड्यालाच सोसावी लागते. मोठ्या पॅडॉकपेक्षा गेटजवळचा भाग, लहान आवार आणि रस्त्याकडची बाजू यासाठी तो योग्य. वेल्डिंगचे धारदार तुकडे घासून घ्या, उघडी टोकं टोपीने बंद करा.

चेन लिंक जाळी. कुत्री आत येऊ नयेत म्हणून चांगली. पण तिच्या चौकोनात खूर किंवा नाल अडकू शकते आणि घोडा रेलला की जाळी पोट काढते. लावायचीच असेल तर वर एक पाईप किंवा लाकडी पट्टी हवी आणि आतून एक झटका लाईन हवी, म्हणजे घोडा जाळीला भिडणारच नाही.

बांबू. स्वस्त आणि गावातच मिळणारा. पण एक-दोन पावसाळ्यांत जमिनीलगत कुजतो आणि फुटला की भाल्यासारखी टोकं होतात. तात्पुरत्या दिखाव्याला ठीक, भरवशाला नाही.

साधी गुळगुळीत तार. किलोवर विकली जाते, म्हणून हे गणित उपयोगी पडेल: २.५ मिमी जाडीची तार एका किलोत साधारण २६ मीटर भरते, २ मिमीची ४० मीटर, १.६ मिमीची ६३ मीटर. बारीक तार स्वस्त वाटते ती यामुळे. पण बारीक तार घोड्याला दिसत नाही आणि कापतेही जास्त. एकटी तार नकोच. वरची ओळ दिसणारी असेल तर खालच्या झटका ओळीला ती चालते.

झटका पट्टी किंवा झटका दोरी. प्लॅस्टिकच्या धाग्यांत बारीक धातूच्या तारा विणलेली पांढरी पट्टी. दिसते, हलकी असते आणि जोरात धडक बसली की तुटते. घोड्याच्या बाबतीत हा गुण आहे, दोष नाही. मीटरमागे खर्च कमी, कारण तिला ताण फारसा द्यावा लागत नाही आणि मधले खांब हलके चालतात. पण करंट नसेल तर ती नुसती पट्टी आहे. हे कायम लक्षात ठेवा.

जिवंत कुंपण. मेंदी, करवंद, निरगुडी लावून हद्द राखायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. घोड्याच्या बाबतीत मात्र झाड निवडताना सावध राहा. शोभेसाठी सगळीकडे लावली जाणारी कण्हेर घोड्याला अतिशय विषारी आहे, थोड्या पानांनीही जीव जाऊ शकतो. मोगली एरंड, साधा एरंड, घाणेरी आणि शेर हेही विषारी. पॅडॉकला लागून यातलं काहीही असेल तर आधी ते काढा. कापलेल्या फांद्याही आत पडू देऊ नका.

पायरी ३: झटका मशीन आतून कसं चालतं?

झटका मशीन बॅटरीची किंवा घरची वीज घेऊन एका कपॅसिटरमध्ये साठवतं आणि सेकंदाला सुमारे एकदा ती ट्रान्सफॉर्मरमधून तारेत सोडतं. व्होल्टेज हजारोंमध्ये असतं, पण ठोका सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता. मानकाप्रमाणे दोन ठोक्यांत निदान एक सेकंदाचं अंतर हवं, ठोका १० मिलिसेकंदांपेक्षा लांब नको आणि ५०० ओहमच्या भारावर त्याची ऊर्जा ५ ज्युलच्या आत हवी. त्यामुळे झटका बसतो, घोडा मागे सरतो आणि पुढच्या ठोक्याआधी सुटतो.

आता घरातली २३० व्होल्टची लाईन थेट तारेला जोडली तर काय होईल? शरीराचा रोध १,००० ओहम धरला तर सुमारे ०.२३ अँपिअर करंट वाहतो, म्हणजे दर सेकंदाला जवळपास ५३ ज्युल आणि तेही न थांबता. स्नायू आखडतात, हात सुटत नाही. घोडा मरतोच, पण सकाळी गुरं घेऊन निघालेले आजोबा किंवा चेंडू आणायला गेलेलं पोरही मरतं. डुकरांसाठी असं करून गावोगाव माणसं गेली आहेत. हा गुन्हा आहे आणि याला कुठलाही "जुगाड" म्हणू नका. आयएसआय मार्क असलेलं मशीनच घ्या.

मशीन घेताना दुकानदार व्होल्ट सांगेल: "साहेब, बारा हजार!" हा आकडा तारेवर काहीच भार नसतानाचा असतो. तुम्ही आउटपुट ज्युल विचारा. "स्टोअर्ड" ज्युल वेगळे, ते नेहमी मोठे दिसतात. छोट्या, स्वच्छ कुंपणाला अर्धा ज्युलही पुरतो. मुळशीत पावसाळ्यात गवत तारेला चिकटून करंट खातं, म्हणून २० गुंठ्यांसाठी १ ज्युलच्या आसपासचं मशीन धरा. घोड्यासाठी कुंपणाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला ३,००० व्होल्ट मिळत असतील तर काम व्यवस्थित चाललंय.

अर्थिंग: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग

घोड्याने पट्टीला स्पर्श केला की करंट त्याच्या अंगातून जमिनीत, जमिनीतून अर्थिंगच्या रॉडमध्ये आणि तिथून मशीनकडे परत जातो. हे वर्तुळ पूर्ण झालं तरच झटका बसतो. मशीन कितीही भारी घेतलं आणि अर्थिंगला हातभर सळई ठोकली तर झटका गुदगुल्यांइतकाच लागेल.

गॅल्वनाइज्ड रॉड निदान तीन, प्रत्येकी एक ते दोन मीटर लांब, एकमेकांपासून ३ मीटरवर ठोका. घराच्या किंवा मोटरच्या अर्थिंगपासून निदान १० मीटर लांब. जागा ओलसर निवडा: विहिरीकडचा भाग, ओढ्याचा काठ, घोड्याच्या पाण्याच्या टाकीजवळ. मुळशीत मुरूम आणि कातळ असलेल्या ठिकाणी एप्रिल-मे महिन्यात जमीन इतकी सुकते की करंट परत येत नाही. तिथे एक युक्ती आहे: दोन पट्ट्यांपैकी एक मशीनच्या लाईनला आणि दुसरी अर्थिंगला जोडा. घोड्याने दोन्हींना एकदम स्पर्श केला की जमीन कोरडी असली तरी वर्तुळ पूर्ण होतं.

तपासायचं कसं? तारेवर शंभरेक मीटर अंतरावर, मशीन बंद करून, एकदोन लोखंडी सळया तारेला टेकवून जमिनीत रोवा. मशीन चालू करा. तारेचं व्होल्टेज २,००० च्या खाली आलं की मशीनजवळ येऊन अर्थिंगच्या रॉडवरचं व्होल्टेज मोजा. ३०० व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं, जास्त असेल तर आणखी एक रॉड ठोका. यासाठी झटका कुंपणाचा खास टेस्टर मिळतो, तोच वापरा. घरातला साधा मल्टीमीटर लावला तर तो जळेल.

सोलर किटचं पावसाळी गणित

किटवरचं पॅनेल बहुतेक वेळा कडक उन्हाचा हिशोब करून दिलेलं असतं. मुळशीत खरी परीक्षा जुलैत होते. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त, एका दिवसात! अशा हवेत सूर्य चार-चार दिवस दिसत नाही.

समजा मशीन १२ व्होल्टवर सरासरी ०.२ अँपिअर घेतं. दिवसाला ४.८ अँपिअर-तास. पाच दिवस ऊन नाही असं धरलं तर २४ अँपिअर-तास. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणून बॅटरी हवी ४८, म्हणजे बाजारातल्या मापात ५० अँपिअर-तासाच्या आसपास. आता पॅनेल: दिवसाची गरज सुमारे ५८ वॅट-तास. उन्हाळ्यात ५ तासांचं चांगलं ऊन धरलं तर २० वॅटचं पॅनेल पुरतं. पावसाळ्यात दीडच तासाएवढं ऊन धरलं तर ५० वॅटचं लागतं. तुमच्या मशीनवर लिहिलेला करंट घ्या आणि हेच गणित पुन्हा करा. घराजवळ वीज असेल तर मशीन आत, कोरड्या जागी ठेवून मेनवर चालवणं आणि बॅटरी फक्त बॅकअपला ठेवणं स्वस्त पडतं.

मोबाईलवर अलर्ट देणारी मशीन्सही मिळतात. पण धरणाच्या मागच्या गावांत रेंजचा भरवसा नाही. आधी जागेवर सिमची रेंज बघा. नसेल तर त्या फीचरचे पैसे वाचवा आणि चांगला टेस्टर घ्या.

पायरी ४: उंची, अंतर आणि कोपरे

- उंची: मारवाडी किंवा काठियावाडी घोडा खांद्यापाशी साधारण दीड मीटरचा. त्याला वरची ओळ १.३ ते १.४ मीटरवर हवी. घोडा अजून वाढीचा, चंचल किंवा नर असेल तर दीड मीटर. आपल्या पुणे जिल्ह्याचा भीमथडी, ज्याला आता स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंदणी मिळाली आहे, तो चणीने लहान. त्याला १.२ मीटर चालतं, पण खालची ओळ थोडी खाली घ्या.
- खालची जागा: शेवटची ओळ जमिनीपासून निदान ३० सेंटीमीटर वर. लोळताना पाय बाहेर गेला तर सहज परत यायला हवा. शिंगरू असेल तर मध्ये एक ओळ वाढवा.
- खांब: एकूण लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत. भातखाचरात जुलैत माती लोण्यासारखी होते आणि खांब कलतात. शक्य असेल तर पॅडॉक खाचरात न करता माळावर करा. घोड्याच्या खुरांनाही चिखल वाईट.
- लोखंडी अँगल: वरचं टोक धारदार असतं, टोपी घाला. झटका पट्टी अँगलला टेकली की करंट जमिनीत जातो, म्हणून चांगले इन्सुलेटर हवेत. सायकलच्या ट्यूबचे तुकडे उन्हाने तडकतात आणि पावसात गळती सुरू होते.
- कोपरे: दोन घोडे असतील तर दबंग घोडा दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडतो. अरुंद कोपरे टाळा, कोपऱ्याला तिरकी आडवी पट्टी टाकून तो बोथट करा.
- गेट: १२ फूट ठेवा, ट्रॅक्टर आणि चाऱ्याची गाडी आत जायला हवी.
- वारा: रुंद पट्टी घाटमाथ्याच्या वाऱ्यात फडफडून झिजते. दोन खांबांमध्ये तिला एक पीळ द्या.
- पाटी: वाटेच्या बाजूला पिवळी पाटी, काळ्या अक्षरांत "सावधान, विद्युत कुंपण". निदान २० बाय १० सेंटीमीटर.

पायरी ५: कुठे वाचवायचं, कुठे नाही

कोटेशनचा एकूण आकडा बघू नका, एका मीटरचा एका वर्षाचा खर्च काढा. समजा एक पर्याय १८० मीटरला ६०,००० रुपयांना पडतो आणि ४ वर्षं टिकतो: मीटरला वर्षाचे सुमारे ८३ रुपये. दुसरा १,०८,००० रुपयांना पडतो पण १२ वर्षं टिकतो: ५० रुपये. महाग वाटणारा पर्यायच स्वस्त निघाला. हे आकडे नुसते उदाहरणाचे आहेत. तुमच्या पिरंगुट-पौडच्या दुकानातले दर घाला, त्यात मजुरी आणि दरवर्षीची दुरुस्तीही धरा, आणि मोबाईलमध्ये शीट करून ठेवा.

बहुतेक घरांना परवडेल अशी रचना ही: कोपऱ्यांना आणि गेटला भक्कम खांब, सगळीकडे एक लाकडी आडवी पट्टी किंवा रुंद पांढरी झटका पट्टी वर, आणि खाली एक झटका ओळ. पूर्ण लाकडी कुंपणापेक्षा लाकूड तिसऱ्या हिश्श्यावर येतं. पट्टी फक्त झटक्याची असेल तर आणखी कमी.

पण रस्त्याच्या बाजूला ही काटकसर नको. चांदणी चौकातून पौड, मुळशी, ताम्हिणी करत माणगावला जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पर्यटकांची रीघ लागते. धुक्यात घोडा रस्त्यावर आला तर दुचाकीवरचं पोरगं आणि घोडा, दोघांचाही जीव धोक्यात. त्या एका बाजूला पाईप किंवा तीन ओळींचं लाकूड लावा आणि त्याच्या आतून झटका लाईन. बाकी तीन बाजूंना स्वस्त पर्याय चालेल. भाड्याच्या जागेत खांब न रोवता पायाने दाबायचे प्लॅस्टिकचे खांब आणि पट्टी वापरता येते, पण बाहेरून दुसरं कुंपण असेल तरच.

पायरी ६: घोड्याला कुंपणाची ओळख करून द्या

नव्या पॅडॉकमध्ये घोडा संध्याकाळी सोडून घरी जाऊ नका. सकाळी, उजेडात आणा. लगाम धरून कडेकडेने एक फेरी मारा. मग सोडा आणि लांब उभे राहा. तो हुंगायला जाईल, एक झटका खाईल आणि मागे उडी मारेल. त्याच्या मागे भरपूर मोकळी जागा हवी, म्हणून ही ओळख लहान, पण अगदी चिंचोळ्या नसलेल्या जागेत करा. पहिले काही दिवस पट्टीला पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधल्या तर ती आणखी दिसते. घोडा शिकला म्हणून करंट बंद ठेवू नका. काही घोडे रोज तपासतात!

रोजची दोन मिनिटं

1. लांबच्या टोकाला टेस्टर लावा, आकडा मोबाईलमध्ये नोंदवा. कालच्यापेक्षा अचानक खाली आला तर गवत, तुटलेला इन्सुलेटर किंवा पडलेली फांदी शोधा.
2. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ओळीखालचं गवत कापा. तणनाशक मारू नका, घोडा तिथेच चरतो.
3. विजांचं वादळ येण्याआधी मशीन लाईनपासून सोडवा. घोडा तेवढा वेळ तबेल्यात.
4. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक आणि जवळच्या घोड्यांच्या डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये सेव्ह ठेवा. धनुर्वाताची लस कधी द्यायची त्याचा रिमाइंडर लावा.
5. तार कापायचा कटर गेटजवळ टांगून ठेवा. घोडा अडकला तर आधी मशीन बंद, मग त्याच्याशी शांतपणे बोलत तार कापा. पाय ओढू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बिबट्या आत येणार नाही ना? घोड्याच्या मापाचं कुंपण बिबट्यासाठी नसतं, तो सहज उडी मारतो किंवा खालून शिरतो. रात्री घोडे, विशेषतः शिंगरू, बंद तबेल्यात ठेवा.

झटक्याने घोड्याला इजा होते का? मानकात बसणाऱ्या मशीनचा ठोका दुखतो, पण इजा करत नाही. तारेत अडकून पडला तर मात्र धोका आहे, म्हणून तुटणारी पट्टी आणि रोजची नजर.

सरकारी अनुदान मिळतं का? वन्यप्राण्यांपासून पीक वाचवण्यासाठीच्या सौर कुंपणाला वनविभागाच्या योजनेत अनुदान असतं. ते पिकासाठी आहे, घोड्याच्या पॅडॉकसाठी नाही. शेताच्या हद्दीसाठी तुमचं गाव त्यात बसतं का, ते वनपाल किंवा ग्रामपंचायतीत विचारा.

सुरुवात कुठून करू? आज मॅप्सवर परीघ मोजा. उद्या जागेवर जाऊन कडेने चाला आणि कण्हेर, काटेरी तार, ओलसर कोपरा आणि रस्त्याची बाजू या चार गोष्टींवर पिन टाका. त्या नकाशासह दुकानात गेलात तर दुकानदार काटेरी तारेचं बंडल काढायच्या आधी तुम्ही त्याला आउटपुट ज्युल विचारत असाल.